अल्पसंख्याकांचा कायदा आणि दोन प्राध्यापक

कायद्याचा प्राध्यापक म्हटला म्हणजे सामान्यतः डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. जाड बांधणीचीं पुस्तकें, पिवळीं पडलेलीं टिपणें, परीक्षेच्या तोंडावर भरणारा वर्ग, आणि त्या वर्गांतून बाहेर पडून चार वर्षांत गुरूच्या दसपट मिळविणारे शिष्य. ज्याची जीभ न्यायालयांत चालत नाहीं तो कायदा शिकवावयास जातो, अशी कोटीहि वकील मंडळी करीत असतात. कोटीचें उत्तर कोटीनें देण्याचें कारण नाहीं. परंतु विसाव्या शतकांत राज्यकर्त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यांत उभे करणाऱ्या ज्या दोन कल्पना कायद्यांत आल्या, त्या कोणा मोठ्या फर्ड्या वकिलाच्या जिभेवरून आलेल्या नाहींत. "मानवतेविरुद्ध गुन्हा" ही एक आणि "वंशसंहार" ही दुसरी. पहिलीला कायद्यांत स्थान मिळवून देण्यांत हर्श लाउटरपाख्त या प्राध्यापकाचा हात होता. दुसरीचें नांवच राफाएल लेम्किन यांनीं बनविलें. दोघेहि ज्यू, दोघांच्या वयांत अवघें तीन वर्षांचें अंतर, आणि नवलाची गोष्ट अशी कीं दोघेहि कायदा शिकले ते एकाच विद्यापीठांत.

तें विद्यापीठ ज्या शहरांत आहे त्याला जर्मन लोक लेम्बर्ग म्हणत, पोलिश लोक ल्वूव म्हणत, रशियन ल्वोव म्हणत. आज तें युक्रेनमधील ल्विव आहे. शहर एकच, पण धनी बदलला कीं वेशीवरची पाटी बदले. १९१८ पर्यंत तेथें ऑस्ट्रियाच्या बादशहाचा अंमल होता. पोलिश, युक्रेनियन आणि ज्यू अशा तीन समाजांची तेथें वस्ती. तिघांच्या भाषा निराळ्या, धर्म निराळे. त्या सालच्या नोव्हेंबरांत बादशाही कोसळली आणि पोल व युक्रेनियन यांच्यांत शहरासाठीं रस्त्यारस्त्यांतून लढाई जुंपली. ज्यू लोकांनीं बहुतांशीं कोणाचाच पक्ष घेतला नाहीं. लढाई पोल लोकांनीं जिंकली, आणि जिंकल्याबरोबर ज्यूंच्या वस्तीवर हल्ला होऊन लुटालूट व कत्तल झाली. दोघे भांडत असतां तिसऱ्यानें गप्प बसणें हाहि एक अपराध ठरूं शकतो, हें त्या शहरानें त्या वेळीं पाहिलें.

लाउटरपाख्त तेव्हां एकवीस वर्षांचे असून त्याच विद्यापीठांत कायदा शिकत होते. १८९७ सालीं जवळच्याच झोल्किएव नांवाच्या लहान गांवीं त्यांचा जन्म झाला. वडिलांचा लांकडाचा धंदा होता. शिक्षण पुरें होत आलें, पण शेवटची परीक्षा त्यांना देतां आली नाहीं. पूर्व गॅलिशियांतील ज्यूंना विद्यापीठाचे दरवाजे बंद झाले हें तिचें कारण त्यांनीं स्वतःच नमूद करून ठेवलें आहे. तेव्हां ते व्हिएन्नास गेले, आणि ऑस्ट्रियाच्या नव्या घटनेचा मसुदा करणारे प्रसिद्ध कायदेपंडित हान्स केल्झेन यांच्या हाताखालीं त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली.

येथें थोडें थांबून त्या काळीं अल्पसंख्याकांसाठीं काय व्यवस्था झाली होती तें पाहिलें पाहिजे, कारण पुढची सारी हकीगत तिच्यावर उभी आहे. पहिल्या महायुद्धानंतर युरोपचा नकाशा नव्यानें आंखला गेला. सीमा कशाहि आंखल्या तरी प्रत्येक नव्या राष्ट्रांत परक्या भाषेचे व परक्या धर्माचे लक्षावधि लोक राहणारच होते. म्हणून २८ जून १९१९ रोजीं, ज्या दिवशीं व्हर्सायचा तह झाला त्याच दिवशीं, पोलंडकडून आणखी एका तहावर सही घेण्यांत आली. अल्पसंख्याकांना कायद्यापुढें समान वागणूक मिळावी, त्यांना स्वतःच्या खर्चानें शाळा, धर्मसंस्था व धर्मादाय संस्था काढतां याव्या, जेथें त्यांची वस्ती बरीच असेल तेथें प्राथमिक शिक्षण त्यांच्या भाषेंतून मिळावें आणि सार्वजनिक पैशाचा रास्त वांटा त्यांच्या शाळांना मिळावा, अशीं कलमें त्यांत होतीं. ज्यूंना शनिवारचा विश्रांतिदिन मोडावयास लावूं नये असेंहि एक कलम होतें. या अटींवर देखरेख राष्ट्रसंघाची. पोलंडमागून रुमानिया, ग्रीस आदि कित्येक देशांनीं असेच करार केले.

कागदावर ही व्यवस्था उत्तम दिसते, आणि आपल्या राज्यघटनेंतील कांहीं कलमें वाचणाराला ती ओळखीचीहि वाटेल. परंतु तिच्यांत दोन वैगुण्यें होतीं. ज्या समाजावर अन्याय झाला त्याला राष्ट्रसंघापुढें वादी म्हणून उभें राहतां येत नसे. त्यानें अर्ज करावा, पण तो अर्ज केवळ माहितीचा कागद समजला जाई. प्रश्न पुढें आणावयाचा तो कौन्सिलांतील एखाद्या राष्ट्रानें. शेजारच्या राष्ट्राला दुखवून परक्या देशांतील मूठभर लोकांसाठीं भांडण उकरून काढण्याची हौस कोणत्या राष्ट्राला असणार? दुसरें वैगुण्य याहून नाजूक होतें. हीं बंधनें लहान व नव्या राष्ट्रांवर लादलीं गेलीं. इंग्लंड, फ्रान्स, इटली या बड्या राष्ट्रांनीं तीं स्वतःवर घेतलीं नाहींत. जो नियम मास्तर स्वतः पाळीत नाहीं तो मुलांना पाळावयास लावणें किती कठीण असतें हें कोणत्याहि शाळेंत पाहावयास मिळतें. पोलंडला हा अपमान सलत राहिला, आणि सप्टेंबर १९३४ मध्यें, सर्व राष्ट्रांना समान बंधन होईपर्यंत आपण या देखरेखीशीं सहकार्य करणार नाहीं, असें त्यानें जाहीर करून टाकलें.

तरी ही व्यवस्था अगदींच निरुपयोगी होती असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. जर्मनीनें केवळ एका प्रांतापुरतें, म्हणजे अपर सायलेशियापुरतें, असें बंधन १९२२ च्या करारानें पत्करलें होतें. १९३३ सालीं हिटलरचें राज्य आलें व ज्यूंना नोकऱ्यांतून काढण्याचा सपाटा सुरू झाला. त्या प्रांतांतील एका दुकानांतून काढून टाकलेल्या बर्नहाइम नांवाच्या साध्या नोकरानें राष्ट्रसंघाकडे अर्ज केला. या वेळीं मात्र अर्ज केवळ माहितीचा कागद राहिला नाहीं. खालच्या अधिकाऱ्यांची चूक झाली असें जर्मनीला कबूल करावें लागलें, आणि कराराची मुदत जुलै १९३७ मध्यें संपेपर्यंत ज्यूंच्या विरुद्धचे कायदे त्या एका प्रांतांत लागू झाले नाहींत. साऱ्या जर्मनींत अंधार, आणि एका कोपऱ्यांत चार वर्षें जळत राहिलेली ही पणती! मुदत संपली तशी तीहि विझली.

दुसरें उदाहरण आल्बानियाचें. १९३३ सालीं त्या देशानें आपल्या येथील सर्व खाजगी शाळा बंद केल्या, त्यांत ग्रीक भाषा बोलणाऱ्या अल्पसंख्याकांच्याहि गेल्या. सरकारचें म्हणणें असें कीं यांत पक्षपात कोठें आहे? बहुसंख्यांच्या खाजगी शाळाहि आम्ही बंद केल्याच आहेत; नियम सर्वांना सारखा. ६ एप्रिल १९३५ रोजीं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानें बहुमतानें हा युक्तिवाद फेटाळला. बहुसंख्यांच्या मुलांना सरकारी शाळेंत त्यांची स्वतःचीच भाषा व स्वतःचेच संस्कार मिळतात; अल्पसंख्याकांच्या मुलांचें सर्वस्व त्यांच्या त्या एका शाळेंत असतें. तेव्हां दोघांच्या शाळांना एकच कुलूप लावणें ही शब्दांतली समानता झाली, व्यवहारांतली नव्हे, असें त्या मताचें तात्पर्य. घरांत आजारी मुलाला व धडधाकट मुलाला एकच पथ्य लावणाऱ्या आईला कोणी न्यायी म्हणत नाहीं. पण राज्यकारभारांत ही साधी गोष्ट पटण्यास एक जागतिक न्यायालय लागलें.

आतां पुन्हां लाउटरपाख्त यांच्याकडे वळूं. १९२३ सालीं, नुकतें लग्न झालेलें असतां, ते इंग्लंडास आले व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या संस्थेंत संशोधन करूं लागले. (याच संस्थेंतील आपलें काम आटोपून डॉ. आंबेडकर मुंबईस परतले तें सालहि १९२३ च. एकाच संस्थेंतून एक जण बाहेर पडतो आणि एक जण आंत येतो. दोघांनाहि पुढें कायदा शिकवावयाचा होता, आणि दोघांनाहि अल्पसंख्येचें दुःख पुस्तकांतून शिकण्याची गरज नव्हती.) लाउटरपाख्त यांचे इंग्रजी उच्चार प्रथम कोणाला समजत नसत, तथापि थोड्याच दिवसांत त्यांनीं त्या भाषेवर असा ताबा मिळविला कीं त्यांचे ग्रंथ इंग्रजी कायदेशीर गद्याचे नमुने म्हणून वाचले जाऊं लागले. आर्नल्ड मॅकनेअर या उदार मनाच्या गुरूनें त्यांना हात दिला. १९२७ पासून ते तेथेंच शिकवूं लागले, आणि १९३८ सालीं केंब्रिज येथें आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्रोफेसर झाले.

या वर्षांतलें त्यांचें काम बाहेरून पाहणाराला रुक्ष वाटेल. ओपेनहाइम यांचा आंतरराष्ट्रीय कायद्यावरील सुप्रसिद्ध ग्रंथ आवृत्तीमागून आवृत्ति सुधारून काढणें. निरनिराळ्या देशांच्या न्यायालयांनीं आंतरराष्ट्रीय कायदा कोठें कसा लावला याचे निवाडे गोळा करून मॅकनेअर यांच्यासह वार्षिक संग्रहरूपानें छापणें. व्याख्यानें देणें व निबंध तपासणें. परंतु या खटाटोपाच्या मुळाशीं एक हेतु होता. त्या काळच्या रूढ मताप्रमाणें आंतरराष्ट्रीय कायदा हा राजाराजांमधला व्यवहार. राजा आपल्या प्रजेशीं कसा वागतो हा त्याचा घरचा प्रश्न. शेजाऱ्यानें कुंपणावरून डोकावूं नये. लाउटरपाख्त यांना हें मत उलथून टाकावयाचें होतें. कायद्याचें अंतिम कारण माणूस आहे, राज्य नव्हे. म्हणून माणसाला आपल्याच राज्याविरुद्ध सुद्धां जगाच्या कायद्यांत उभें राहतां आलें पाहिजे, असें ते शिकवीत. त्यासाठीं घोषणा करून भागत नाहीं, पूर्वीचे दाखले लागतात. दाखले गोळा करणें हें प्राध्यापकाचें काम, आणि तें त्यांनीं पंधरा वर्षें मुकाट्यानें केलें.

१९४५ सालीं त्यांचा "ॲन इंटरनॅशनल बिल ऑफ द राइट्स ऑफ मॅन" हा ग्रंथ निघाला. जगांतील प्रत्येक माणसाच्या हक्कांची यादी, कलमवार, त्यांत मांडली आहे. व्यक्तीचे हक्क हाच तिचा पाया. तथापि भाषिक व धार्मिक अल्पसंख्याकांच्या शाळांना सार्वजनिक पैशाचा रास्त वांटा मिळावा, असें जुन्या तहांतलें कलमहि त्यांनीं तींत आठवणीनें घातलें होतें.

राफाएल लेम्किन यांची वाट निराळी. १९०० सालीं आज बेलारूसमध्यें असलेल्या भागांतील एका शेतवाडीवर त्यांचा जन्म झाला. ल्वूव येथें ते १९२१ मध्यें दाखल झाले, म्हणजे लाउटरपाख्त तेथून गेल्यावर. फौजदारी कायद्याचे अध्यापक माकारेविच यांनीं मात्र दोघांनाहि शिकविलें. पुढें लेम्किन वॉर्सा येथें सरकारी वकील झाले. एखाद्या समाजाला समाज म्हणून नष्ट करणें हा जगभर शिक्षापात्र गुन्हा मानावा, अशी सूचना त्यांनीं १९३३ सालींच माद्रिद येथील परिषदेसाठीं लिहून पाठविली होती. ती कोणी मनावर घेतली नाहीं. १९३९ सालीं पोलंड बुडालें तेव्हां ते निसटून स्वीडनला गेले, आणि तेथें त्यांनीं एक विलक्षण उद्योग आरंभिला. जिंकलेल्या देशांतून जर्मन सरकार जे हुकूम व जाहीरनामे काढी ते सारे ते जमवूं लागले. कोणी कोणाशीं लग्न करावें, कोणाला किती अन्न मिळावें, कोणत्या भाषेंत शिकवावें; एकेक हुकूम सुटा पाहिला तर कारकुनी कागद, पण शेजारीं शेजारीं लावले म्हणजे त्यांतून हेतु दिसूं लागे. १९४१ सालीं रशिया व जपान यांच्या वाटेनें ते अमेरिकेंत ड्यूक विद्यापीठांत शिकवावयास आले, ते हे कागद बरोबर घेऊनच. १९४४ मध्यें त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यांतील नवव्या प्रकरणास त्यांनीं एक नवा शब्द दिला. ग्रीक "गेनोस" म्हणजे वंश, आणि लॅटिन धातूवरून आलेला "साइड" म्हणजे वध. "जेनोसाइड", आपल्या भाषेंत वंशसंहार.

आतां दोघांतला मतभेद ध्यानांत येईल. लेम्किन म्हणत, माणूस मारला जातो तो त्याच्या एकट्याच्या दोषासाठीं नव्हे, तो एका समाजाचा आहे म्हणून. तेव्हां कायद्यानें त्या समाजालाच पंखाखालीं घेतलें पाहिजे. लाउटरपाख्त यांना यांत धोका दिसे. कायद्यानें माणसांची गणना समाजवार करावयास आरंभ केला, कीं माझा समाज आणि तुझा समाज हीच भावना कायद्याच्या शिक्क्यानें दृढ व्हावयाची. शिवाय संपूर्ण समाज नष्ट करण्याचा हेतु आरोपीच्या मनांत होता हें न्यायालयांत सिद्ध करावयाचें तरी कसें? म्हणून प्रत्येक व्यक्तीला वांचवा, म्हणजे समाज आपोआप वांचेल. हा वाद केवळ पंडितांचा नाहीं. दोन्ही बाजूंना सत्य आहे. व्यवहारांत मात्र लाउटरपाख्त यांचा दुसरा आक्षेप अधिक खरा ठरला, कारण वंशसंहाराच्या खटल्यांत हेतु सिद्ध करणें हीच अडचण आजपर्यंत वारंवार आडवी आली आहे.

न्यूरेंबर्ग येथें नाझी पुढाऱ्यांवर खटला भरण्याचें ठरलें तेव्हां अमेरिकेचे रॉबर्ट जॅक्सन १९४५ च्या जुलैंत केंब्रिजला लाउटरपाख्त यांच्या घरीं आले. नागरिकांवरील अत्याचारांना आरोपपत्रिकेंत कोणत्या सदराखालीं घालावें असा प्रश्न होता. "मानवतेविरुद्ध गुन्हे" हें सदर लाउटरपाख्त यांनीं सुचविलें. शब्द अगदीं नवे नव्हते; १९१५ सालीं आर्मेनियन लोकांच्या कत्तलीच्या वेळीं दोस्त राष्ट्रांनीं तुर्कस्तानला दिलेल्या इशाऱ्यांत ते येऊन गेले होते. पण इशारा निराळा आणि कायद्याचें कलम निराळें. ऑगस्टमध्यें तें सदर कायम झालें, आणि २० नोव्हेंबर १९४५ रोजीं खटला सुरू झाला तेव्हां ब्रिटिश वकिलांच्या बांकावर लाउटरपाख्त बसले होते. समोर आरोपींमध्यें हान्स फ्रांक होता. पोलंडचा जो भाग या फ्रांकच्या ताब्यांत होता त्यांतच लाउटरपाख्त यांचे आईबाप, भाऊ व बहीण राहत. ते सर्व मारले गेले होते. एक भाची तेवढी वांचली. लेम्किन यांचींहि आईवडिलांसह एकूणपन्नास माणसें गेलीं. ब्रिटिश मुख्य वकिलाच्या भाषणांचा मोठा भाग लाउटरपाख्त यांनीं लिहून दिला. त्यांत स्वतःच्या घराचा उल्लेख नाहीं.

निकालपत्रांत मानवतेविरुद्ध गुन्ह्यांना स्थान मिळालें; वंशसंहार हा शब्द मात्र एकदांहि आला नाहीं. लेम्किन निराश झाले, पण बसून राहिले नाहींत. संयुक्त राष्ट्रांच्या कचेऱ्यांतून, उपाहारगृहांतून, प्रतिनिधींच्या दारांशीं हा एकटा माणूस झिजलेल्या कोटानिशीं कागद घेऊन उभा असे. १९४६ सालीं हा प्रश्न आमसभेपुढें आणण्याची मागणी ज्या तीन देशांनीं केली ते क्यूबा, पनामा आणि हिंदुस्थान. त्या वर्षीं हिंदी शिष्टमंडळाच्या प्रमुख श्रीमती विजयालक्ष्मी पंडित होत्या. पॅरिस येथें ९ डिसेंबर १९४८ रोजीं वंशसंहाराविरुद्धचा करार संमत झाला. समाजाची भाषा, ग्रंथालयें, देवळें नष्ट करणें हाहि वंशसंहारच, असें लेम्किन यांचें आग्रहाचें म्हणणें होतें. तें कलम मात्र गाळलें गेलें. दुसऱ्याच दिवशीं, १० डिसेंबरला, मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला. तो बंधनकारक नसल्यामुळें लाउटरपाख्त यांनीं त्याच्यावर कडक टीका केली. अल्पसंख्याकांविषयीं त्यांत एकहि कलम नव्हतें.

आणि त्याच्या दोनच दिवस आधीं, ८ डिसेंबरला, दिल्लींत घटनासमितींत याच विषयाचा काथ्याकूट चालला होता. मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजांत एके काळीं कायदा शिकविणारे व पुढें तेथील प्रिन्सिपॉल झालेले डॉ. आंबेडकर यांनीं अल्पसंख्य या शब्दाचा अर्थ तेथें विशद केला. मद्रासेकडील लोक मुंबईस येऊन राहिले, अथवा कांहीं महाराष्ट्रीय बंगालमध्यें जाऊन स्थायिक झाले, तर रूढ अर्थानें ते अल्पसंख्य नसतील. पण भाषा व संस्कृति यांच्या दृष्टीनें त्यांना तेथें अल्पसंख्य मानून संरक्षण द्यावयाचें आहे, असें त्यांनीं सांगितलें. उदाहरण देतांना त्यांनीं आपलींच माणसें घेतलीं हें विशेष. अल्पसंख्य म्हणजे नेहमीं दुसरा कोणी तरी, ही समजूत त्या एका वाक्यानें गळून पडते.

घटना लागू झाल्यावर या कलमांची पहिली मोठी कसोटी मुंबई इलाख्यांतच लागली. जानेवारी १९५४ मध्यें मुंबई सरकारनें हुकूम काढला कीं इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत अँग्लो-इंडियन व आशियाई वंशाच्या नसलेल्या नागरिकांच्या मुलांखेरीज इतरांना घेऊं नये. देवळालीची बार्न्स हायस्कूल ही शाळा चालविणारी संस्था न्यायालयांत गेली. हुकूम वरवर पाहतां देशी भाषांच्या भल्याचा. पण ज्या शाळेंत दुसऱ्यांचीं मुलें येऊंच शकत नाहींत ती शाळा अल्पसंख्याकांनीं चालवावी कशी? मुंबई उच्च न्यायालयानें हुकूम रद्द केला, व सर्वोच्च न्यायालयानें त्याच वर्षीं तो निर्णय कायम केला. १९७४ सालीं अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यांत तर आपल्या न्यायमूर्तींनीं आल्बानियाच्या शाळांचें तें १९३५ चें मत आधारास घेतलें. राष्ट्रसंघ बुडाला, तह बुडाले, पण ग्रंथालयांतला दाखला तरून आला. उलट बाजूचाहि निर्णय आहे. महाराष्ट्रांतील गुजराती भाषिकांच्या शाळांत मराठी सक्तीची करण्यास २००४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें मान्यता दिली. ज्या राज्यांत राहावयाचें तेथील भाषा मुलाला आली पाहिजे, यानें शाळा चालविण्याचा हक्क बुडत नाहीं, असा त्याचा आशय.

२७ ऑगस्ट १९५९ रोजीं भारतानें वंशसंहारविषयक करारास मान्यता दिली. दुसऱ्या दिवशीं न्यूयॉर्क येथें लेम्किन हृदयविकारानें वारले. येल व इतर विद्यापीठांत त्यांनीं अधूनमधून शिकविलें, पण कायमची जागा त्यांना लाभली नाहीं. लाउटरपाख्त १९५५ पासून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश होते. ८ मे १९६० रोजीं त्यांचा अंत झाला. पुढें १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारांत सत्ताविसावें कलम आलें. त्याची शब्दरचना मोठी मार्मिक आहे. हक्क दिला आहे तो अल्पसंख्य समाजांतील व्यक्तींना. पण तो उपभोगावयाचा "समाजांतील इतरांसह". पहिला शब्द लाउटरपाख्त यांना मान्य झाला असता, दुसरा लेम्किन यांना. भारत या करारांत १९७९ सालीं सामील झाला.

हे अल्पसंख्याक कोण, याची व्याख्या करण्याचें काम संयुक्त राष्ट्रांनीं पुन्हां एका प्राध्यापकाकडेच सोंपविलें. इटलींतील फ्रांचेस्को कापोतोर्ती यांनीं १९७७ सालीं आपला अहवाल दिला: जो समाज संख्येनें थोडा, सत्तास्थानीं नसलेला, त्याच देशाच्या नागरिकांचा, वंश, धर्म किंवा भाषा यांनीं वेगळा, आणि आपलें वेगळेपण टिकविण्याची इच्छा असलेला, तो अल्पसंख्य. सर्व राष्ट्रांनीं ती व्याख्या अद्याप मान्य केलेली नाहीं. आपल्याकडे २००२ सालच्या टी. एम. ए. पै खटल्यापासून मोजणी राज्यवार होते. त्यामुळें पुण्यांत बहुसंख्य असलेलें मराठी कुटुंब बंगळुरास बदली होऊन गेलें कीं त्याच दिवसापासून तें भाषिक अल्पसंख्य ठरतें.